झेड ड्राइव्हवरचं अक्षर

लग्नाच्या पत्रिकेत एखाद्या मामाचं नाव राहून गेलं तर लग्न मोडत नाही, पण तो मामा जेवायला येत नाही, आणि पुढची कैक वर्षं त्या घरातल्या प्रत्येक कार्यात त्या न आलेल्या मामाचीच चर्चा होते. वर्ध्याच्या ज्या प्रेसमध्ये मी उमेदीची वर्षं काढली, तिथे हे सगळेच जाणून होते. म्हणून पत्रिकेचं प्रूफ वाचायला मुलीचा बाप एकटा कधी यायचा नाही. चार-पाच जण यायचे, बाकावर दाटीवाटीने बसायचे, चहा प्यायचे, आणि मजकूर छपाईला जायच्या अगदी शेवटच्या घटकेला त्यातल्या कुणाला तरी पुलगावची आत्या आठवायची.

ही पुलगावची आत्या माझ्या डोक्याला ताप होती. कारण मी तिथला कॉम्प्युटरवाला होतो, आणि तिचं नाव वेळेवर पत्रिकेत जाईल की नाही हे त्या काळात माझ्यावर अवलंबून असायचं.

गोष्ट दोन हजार सालाच्या आसपासची. आमच्याकडे तीन तऱ्हेची यंत्रं होती. आतल्या खोलीत, कूलरच्या समोर, एक मॅक. शेठजींनी, म्हणजे आमच्या मालकांनी, तो मुंबईच्या कुण्या छापखान्याकडून जुना घेतला होता आणि दसऱ्याला सगळ्यात मोठा हार त्यालाच घालायचे. बाहेरच्या लांब टेबलावर विंडोजची मशीनं. त्यांच्यावर मुली मजकूर टाइप करायच्या. आणि जिन्याखाली, झाडू-बादलीच्या शेजारी, माझा लिनक्सचा सर्व्हर. तो मी एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून बसवला होता आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता. त्याच्यावरची एक सामाईक जागा सगळ्यांना आपापल्या मशीनवर ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून दिसायची. मॅकवर ती झेड या नावाने दिसत नसे, पण मॅक चालवणारा आमचा आर्टिस्टही तिला झेडच म्हणायचा.

आता यातलं दुखणं सांगतो. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला एक मालक असतो. मालकाने काय करावं, त्याच्या गटातल्यांनी काय करावं आणि बाकीच्यांनी काय, हे वेगवेगळं ठरवून द्यावं लागतं. कुणी नुसतं वाचायचं, कुणी वाचायचं आणि लिहायचंही. विंडोजची ती जुनी मशीनं असल्या गोष्टीचा विचारच करत नसत. ज्याच्या हाती माउस, तो मालक. मॅकचं तिसरंच काहीतरी. तिघांना एका ड्राइव्हवर नांदवायचं म्हणून मी वहीभर नियम केले होते. मुलींनी टाइप केलेला मजकूर मॅकवाल्याने एकदा उघडून ठेवला की ती फाइल त्याच्या नावची व्हायची. मग बाहेरच्या मुलीला ती वाचता यायची, पण आत्याचं नाव घालून पुन्हा ठेवायला गेली की पडद्यावर नकार. परवानगी नाही. मग ती उठून आत जायची, आतला जेवायला गेलेला असायचा, आणि बाकावरचे पाहुणे घड्याळाकडे बघायचे.

एकदा ऐन लग्नसराईत हे शेठजींच्या देखत झालं. टाइप करणारी मुलगी ओशाळून म्हणाली, ‘‘शेठजी, मले परवानगी नाई म्हणून राह्यलं हे.’’

शेठजींचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्याच घरात त्यांच्याच माणसाला कुणी ताटावरून उठवलं. त्यांचं घर मोठं, व्यापारी, सगळे भाऊ एकत्र. त्या घरात कुठल्याही कपाटाला कुलूप नसायचं. मोठ्या वहिनींच्या दागिन्यांच्या कपाटालाही नाही. कुलूप फक्त बाहेरच्या दाराला. आतल्या दाराला कुलूप लावणं म्हणजे घरातल्याच माणसावर आळ घेणं, असं त्यांना मनापासून वाटायचं. आणि प्रेस म्हणजे त्यांच्या मते घरच.

त्यांनी मला जिन्याखालून बाहेर बोलावलं. ‘‘कोणी केलं हे? आपल्याच लोकायले परवानगी मागा लागते काय?’’

मी मालक, गट, बाकीचे, सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत होते, पण ऐकून घेत नव्हते.

‘‘बाकीचे म्हणजे कोण?’’ ते म्हणाले. ‘‘इथं बाकीचं कोणी नाई. सगळ्यायले सगळं खुलं करून टाक.’’

‘‘निदान फाँटचं फोल्डर तरी बंद ठेवू द्या, शेठजी. त्यात कोणाले काही बदलाचं कामच नाई.’’

‘‘एकाले बंद केलं का दुसरा म्हणते माह्यंही बंद कर. खुलं म्हणजे खुलं.’’

मी चिडलो होतो, पण पगार त्यांचा होता. सर्व्हरवर एक ओळ टाइप केली आणि सगळ्यांना सगळं वाचायची, लिहायची, पुसायची मोकळीक झाली. पुलगावच्या आत्या वेळेवर छापल्या जाऊ लागल्या. मुलींनी मला पेढा दिला. माझ्या वहीभर नियमांचं कुणाला काही वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर कामं भराभर होऊ लागल्यावर मीही ते विसरलो.

ती ओशाळलेली मुलगी काकांची होती. काका म्हणजे आमचे अक्षरवाले. आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचे. घरची थोडी शेती, पण जीव अक्षरात. कॉम्प्युटर येण्याआधी प्रेसची सगळी मथळ्याची अक्षरं तेच लिहायचे. सकाळच्या एसटीने यायचे, खिडकीपाशी बसायचे, आणि टाकाने असं काही लिहायचे की ‘श्री गणेशाय नमः’ एवढंच वाचून माणसाला लग्नाला जावंसं वाटायचं. त्यांचं अक्षर भरदार होतं, पण जड नव्हतं. शिरोरेषा सरळ असूनही शेवटाला किंचित वर उचललेली. त्यांच्या हातची पत्रिका हवी म्हणून लोक दूरदूरच्या गावांहून यायचे. कॉम्प्युटर आला तशी ही मागणी कमी झाली. काका त्यावरून कधी कुरकुरले नाहीत. उलट मुलीला टाइपिंग शिकवून त्यांनीच आमच्याकडे लावली. ती सिंदी मेघेला मावशीकडे राहायची, पायीच यायची आणि मला दादा म्हणायची.

मग काकांचा हात कापायला लागला. आधी चहाच्या कपात दिसलं, मग अक्षरात. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. काकांनी टाक धुऊन डब्यात ठेवले आणि आत येऊन आमच्या मॅकवाल्याला आणि मला म्हणाले, ‘‘बाबू, तुमच्या मशीनीत माह्यं अक्षर ठेवता येईन का? पोरीच्या लग्नापर्यंत हात राहत नाई माहा. तिची पत्रिका माह्या अक्षरात व्हावं, एवढंच हाय. जगाच्या पत्रिका लिहिल्या. तिची राह्यली तं काय केलं मंग मी?’’

असा आमचा तो फाँट सुरू झाला. काका बटर पेपरवर एकेक अक्षर मोठं काढायचे. हात कापायला लागला की टाक उचलून बसून राहायचे. कंप थांबला की पटकन एक अक्षर. कधी दुपारभरात एक ‘क्ष’ व्हायचा. अर्धी अक्षरं, मात्रा, वेलांट्या, आकडे, सगळं त्यांनी तसंच थांबत थांबत लिहिलं. आम्ही ते स्कॅन करून मॅकवर फाँट बांधला. तो तयार झाला तेव्हा मॅकवाल्याने काकांच्या मुलीचं नाव टाइप केलं आणि पुढे ‘चि. सौ. कां.’ जोडलं. काका पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कापत्या बोटाने काचेवर त्या नावाखाली रेघ ओढली. मी उगाच केबल बघतोय असं दाखवलं.

पहिली पत्रिका तिचीच करायची असं ठरलं. तोवर तो फाँट दुसऱ्या कुणाच्या कामाला वापरायचा नाही. काका वर्ध्याला आले की आतल्या खोलीत जाऊन मॅकवाल्याकडून तिचं नाव पुन्हा टाइप करून घ्यायचे, बघायचे आणि निघून जायचे. त्या वर्षी खिडकीतून पाणी येऊन बटर पेपरचा गठ्ठा भिजला, सगळे कागद एकमेकांना चिकटले. काका स्वतःच म्हणाले, फेका आता, मशीनीत हाय ना.

पुढच्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न जमलं. नागपूरचं स्थळ. तारीख दिवाळीनंतरची, तुळशीचं लग्न झाल्यावर तीनेक आठवड्यांनी. दसऱ्याच्या सुमाराला विजेच्या लपंडावात मॅकची डिस्क गेली. मी कुणाला घाबरू दिलं नाही, कारण सगळं झेडवर होतं. नवी डिस्क बसवली, रोजच्या कामाचे फाँट तेवढे मॅकवर परत घेतले. काकांचा फाँट झेडवर राहू दिला. पत्रिकेच्या वेळी घेऊ, असं मॅकवाला म्हणाला, आणि त्यात काहीच चूक नव्हतं.

आमच्या प्रेसमध्ये दिवाळीच्या आधी घरासारखीच सफाई व्हायची. शेठजी स्वतः कंबर कसून उभे राहायचे. छपाईची मशीनं रॉकेलने पुसायची, कागदाची रद्दी बाहेर, भिंतींना चुना, आणि ज्याने त्याने आपापली जागा झाडायची. लक्ष्मी कचऱ्यात येत नाही, असं त्यांचं म्हणणं. काकांच्या मुलीची ती प्रेसमधली शेवटची दिवाळी. लग्नानंतर काम सुटणार होतं. आपल्यामागे कुणी नावं ठेवू नये म्हणून तिने टेबल झाडलं, कीबोर्डच्या फटी ब्रशने साफ केल्या, आणि मग झेड उघडून बसली.

पूजेच्या संध्याकाळी सगळे नवे कपडे घालून आले. मॅकच्या, विंडोजच्या, सर्व्हरच्या कपाळी कुंकू लागलं. मी बत्तासे वाटत असताना ती हसत माझ्यापाशी आली.

‘‘दादा, झेड पण झाडून काढला मी. काही काही फाइली नुसत्या नावाच्या होत्या, आत झिरो. आणि त्या टिंबावाल्या, काय माहीत कायच्या, कोणत्याच मशीनवर उघडत नव्हत्या. सगळ्या काढून टाकल्या. पाहा किती मोकळा झाला.’’

मी तिला ‘छान केलं’ म्हणालो आणि बत्ताशांचं ताट कुणाच्या तरी हातात देऊन जिन्याखाली गेलो.

मॅकच्या त्या काळच्या फाँटची एक खोड होती. मॅकवर तो एकच फाइल म्हणून दिसायचा, पण दुसऱ्या जातीच्या सर्व्हरवर ठेवला की त्याचे दोन तुकडे व्हायचे. एक नावाची फाइल, जी विंडोजमधून पाहिली तर साफ रिकामी, शून्य आकाराची. आणि दुसरी, त्याच नावाच्या आधी टिंब असलेली, जिच्यात खरा सगळा ऐवज. विंडोजवर बसलेल्या माणसाला पहिली फुकट वाटायची आणि दुसरी कचरा. तिने दोन्ही काढल्या होत्या. काकांच्या फाँटच्या फोल्डरमध्ये काही उरलं नव्हतं.

मग मी दर आठवड्याला काढून ठेवायच्या सीडी पाहिल्या. त्या विंडोजच्या मशीनवरून काढलेल्या असायच्या, आणि त्या मशीनने टिंबाच्या फाइली कधी सीडीवर घेतल्याच नव्हत्या. प्रत्येक सीडीवर काकांच्या फाँटचं नाव होतं, आणि आत काही नाही. दिवाळीच्या सुटीत मी आणि मॅकवाल्याने सर्व्हरची डिस्क उकरून पाहिली. आम्हाला जेवढं येत होतं तेवढं सगळं केलं. ते परत आलं नाही. मला रडू आलं, रागही आला, आणि राग काढायला समोर शेठजी होते.

मी त्यांना सगळं सांगितलं. ते गादीवर बसून ऐकत होते.

‘‘त्या फोल्डरले कुलूप असतं तं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘तिच्या हातून पुसल्याच गेलं नसतं. नाई म्हटलं असतं मशीननं.’’

त्यांच्यापुढचं फराळाचं ताट तसंच राहिलं.

भाऊबीज झाली तसा मी एसटीने रोहण्याला गेलो. मुलगी तिथेच होती, लग्नाच्या तयारीला. तिने चिवडा आणून ठेवला, चहा केला, नवऱ्याच्या नावावरून मी चिडवलं तेव्हा लाजली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मी काकांना म्हटलं, चला, तुमचं वावर दाखवा. आम्ही चालत धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, गेलो. कापूस फुटला होता, वेचणी चालू होती. तिथे उभं राहून मी त्यांना सांगितलं. कुणी केलं ते सांगितलं नाही.

काकांचा उजवा हात कापत होता. त्यांनी तो डाव्या हाताने धरला.

‘‘पोरीनं झाडलं ना झेड?’’ ते म्हणाले. ‘‘आली तवा सांगत होती मले. लई खूश होती. म्हणे, बाबा, प्रेस लख करून आली मी.’’

मी मान खाली घातली.

‘‘तिले माहीत हाय का?’’

‘‘नाई. तिले वाटते कचरा होता.’’

‘‘मंग राहू दे कचराच.’’ ते बराच वेळ वेचणाऱ्या बायांकडे बघत होते. ‘‘तिले सांगू नोको बाबू. तूही नाई, त्या मॅकवाल्यानंही नाई. सासरी जाऊन राह्यली ते. बापाचं अक्षर आपल्या हातानं पुसलं, हे घेऊन जाईन काय ते? जलमभर खात राहीन तिले.’’

मी म्हटलं, काका, तुमच्या हातच्या जुन्या पत्रिका गावोगाव असतील. आम्ही त्या गोळा करतो. एकेक अक्षर कापून, जोडून, एवढी एक पत्रिका तरी नक्की उभी करू.

तेव्हा मात्र ते माझ्यावर रागावले. ‘‘दुसऱ्याच्या लग्नातले अक्षरं काढून माह्या पोरीच्या पत्रिकेले लावशीन? ते ज्याचे त्याले दिले मी. नाई.’’ मग आवाज उतरवून म्हणाले, ‘‘बाजारातलं जे चांगलं असीन ते लाव. तिनं विचारलं तं मी सांगतो, का मशीनीतलं अक्षर मले आवडलं नाई. माह्यं वाटत नाई ते, म्हणून.’’

आणि त्यांनी तसंच सांगितलं. आठवड्याभराने ती स्वतःची पत्रिका स्वतःच टाइप करायला बसली, तेव्हा तिने मला विचारलं, ‘‘दादा, बाबाले खरंच नाई आवडलं ते अक्षर? इतके दिवस तं येऊन येऊन पाहत होते.’’

‘‘वय झालं त्यायचं,’’ मी म्हणालो. ‘‘मन बदलते.’’

‘‘मले एक वेळा विचारलं असतं तं बरं होतं,’’ ती म्हणाली, आणि फाँटच्या यादीतून सगळ्यात साधा निवडला. त्या यादीत नक्षीदारही होते, पण तिने ते बघितलेसुद्धा नाहीत. पत्रिका छापून झाली तेव्हा पहिली प्रत देवापुढे ठेवायला काका आले होते. त्यांनी ती हातात घेतली, कापत्या हातात कागद फडफडत राहिला, आणि ते म्हणाले, ‘‘झकास झाली.’’ ती दुसरीकडे पाहत होती.

लग्न झालं. त्यानंतर एका सकाळी शेठजी स्वतः वाकून जिन्याखाली आले, जे ते कधी करत नसत. मी काही विचारायच्या आत म्हणाले, ‘‘तुह्या वहीत जे होतं ते करून टाक.’’ मी केलं. ज्याची फाइल त्याची, फाँटच्या फोल्डरला नुसती वाचायची परवानगी, आणि सीडी सर्व्हरवरूनच काढायची. कुणीही कुरकुर केली नाही. पुलगावच्या आत्या पुन्हा अडकायला लागल्या, बाकावरचे पाहुणे पुन्हा घड्याळाकडे बघू लागले, आणि शेठजी त्यांना दुसरा चहा मागवायचे. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. इतकं नकोसं खरेपण मी दुसरं पाहिलेलं नाही.

पुढची काही वर्षं काका अधूनमधून येत राहिले. आतल्या खोलीत मात्र पुन्हा गेले नाहीत. बाहेरच्या बाकावर बसायचे, नव्या पत्रिका डोळ्यांजवळ धरून बघायचे, आणि कुणाच्या अक्षराला नाव न ठेवता परत द्यायचे. चहा बशीत ओतून आम्ही धरायचो तेव्हा प्यायचे. मुलीचं विचारलं की म्हणायचे, ‘‘सुखात हाय. छपाईच्या मोठ्या दुकानात कामाले लागली, तिथंही कॉम्प्युटरच.’’ मला दरवेळी वाटायचं की आता तरी सांगून टाकू, आता काय बिघडतंय. पण ते उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचे, आणि मी गप्प बसायचो. मॅक जुना होऊन बंद पडला, तो भंगारात गेला. मॅकवालाही दुसऱ्या गावी निघून गेला.

काका गेले तेव्हा मी मातीला गेलो होतो. ती बायकांत होती, बोलणं झालं नाही. दोन-चार दिवसांनी ती प्रेसमध्ये आली, तेरवीच्या कार्डाचा मजकूर घेऊन. नवरा बाहेर गाडीपाशी थांबला. तिला पाहिलं आणि मी मनात खोटं जुळवायला लागलो. मॅक राहिला नाही, आता ते अक्षर काढता येणार नाही, असं काहीतरी. मला खात्री होती की ती तेच मागायला आली आहे.

ती म्हणाली, ‘‘साध्याच फाँटमध्ये करजा दादा. नाई तं राहू द्या, मीच करतो.’’ आणि आपल्या जुन्या जागेवर बसली. तिथली मुलगी उठून बाजूला झाली.

ती टाइप करत होती आणि मी मागे उभा होतो. बापाचं नाव, गाव, तिथी. बोटं पूर्वीसारखीच चालत होती. मध्येच ती पडद्याकडे बघतच म्हणाली, ‘‘तेरवीचं कार्ड लोक घरात ठेवत नाईत. वाचलं का फाडून टाकतात. बाबाचं अक्षर असतं तं तेही फाडलंच असतं लोकायनं. बरं झालं नाई ते.’’

तिने मजकूर पूर्ण केला, प्रूफ काढायला दिलं आणि मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

‘‘एक विचारू? खरं सांगजा.’’

‘‘विचार.’’

‘‘माह्या दुकानात मॅक हायेत. मागच्या वर्षी एका नव्या पोरानं सर्व्हरवरच्या झिरोच्या फाइली पुसल्या, आन् टिंबाच्या. मालक त्याच्यावर असे ओरडले. मले तवा कळलं त्या कायच्या असतात.’’ तिचा आवाज अगदी सपाट होता. ‘‘बाबाले ते अक्षर खरंच आवडलं नव्हतं, का मी पुसलं म्हणून तसं म्हणाले ते?’’

मी काकांना शब्द दिला होता. तो मी इतकी वर्षं पाळला होता, आणि त्या धुऱ्यावर काका जे म्हणाले ते मला अजून ऐकू येत होतं. पण ज्या ओझ्यापासून तिला वाचवायचं होतं, ते ती आधीच घेऊन आली होती. आता मी खोटं बोललो असतो तर तिच्याकडे उरलं असतं एवढंच, की बापाला तिच्या पत्रिकेचं फारसं काही वाटलं नाही.

‘‘फार आवडलं होतं,’’ मी म्हणालो. ‘‘इतकं, का बाकी कोणाच्या कामाले वापरू देत नव्हते.’’

‘‘मंग त्यायले माहीत होतं.’’

‘‘तुह्या लग्नाच्या आधीपासून. मीच जाऊन सांगतलं होतं. तुह्यं नाव नाई घेतलं मी, पण ते समजले. तुले कळू द्यायचं नाई, असं बजावलं त्यायनं मले.’’

बाहेर छपाईचं मशीन चालू होतं, त्याचा आवाज भिंतीतून येत होता. ती रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. हात मांडीवर ठेवून ती त्या हातांकडेच बघत होती.

‘‘दर दिवाळीले मी माहेरी येत होती दादा,’’ ती म्हणाली. ‘‘दरवेळी त्यायच्याशी तुटक बोलत होती. त्यायनं काही विचारलं का हो-नाई, एवढंच. पोरीची एक पत्रिका नाई झाली यायच्यानं, हे मनातून जातच नव्हतं. मागच्या वर्षी कळलं, तरी वाटे का त्यायले माहीत नसीन, आन् मंग बोलाले तोंड नाई झालं. आन् ते मले एसटीत बसवाले यायचे. गाडी हालेपर्यंत खिडकीपाशी उभे राहायचे. मी बाहेर पाहतच नव्हती.’’

मग ती रडली. शेठजी दारात आले होते. त्यांनी वळून हाताने खूण केली आणि बाहेरचं मशीन बंद झालं.